वर आठ, खाली नऊ

बिल्ड मोडलं की सर आधी आमचे हात बघायचे. "हात मांडीवर," म्हणायचे. मग आम्ही पाच जण, चांगले शिकले-सवरलेले इंजिनिअर, बालवाडीतल्या लेकरांसारखे मांडीवर हात ठेवून बसायचो. कीबोर्डला कोणी शिवायचं नाही. सर स्टीलची फूटपट्टी घेऊन यायचे, स्क्रीनवरची लाल अक्षरं सरकवत सरकवत अगदी वर न्यायचे आणि पहिल्या ओळीखाली पट्टी आडवी धरायचे. मग गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी मूळची तापट. माझी बोटं मांडीवर वळवळायची. चुकलंय ते दिसतंय, सुधारून मोकळं व्हावं, हा काय सोहळा लावलाय, असं मनात यायचं. एकदा तोंडावर बोललेसुद्धा. सर पट्टीवरची नजर न काढता म्हणाले, "बाई, हे खालचं समदं रडणं हाय. ठेच वर लागलीय. लेकरू रडतंय म्हणून तोंड पुसत बसलात तर पाय कधी बघणार?"

मी तेव्हा चोवीस वर्षांची. ते पन्नाशी ओलांडलेले. तरी मला 'बाई' आणि 'तुम्ही'.

बिल्ड म्हणजे काय, ते आधी सांगून टाकते. बीडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. लहान लहान दवाखान्यांसाठी आम्ही प्रोग्राम बनवायचो. पेशंटचं नाव, गाव, आजार, कुठलं औषध चालतं, कुठलं चालत नाही, सगळं त्यात. प्रत्येकानं आपापला तुकडा लिहायचा. ते तुकडे गोळा करायचे, एकमेकांना जोडायचे, तपासायचे आणि गाठोडं बांधून दवाखान्यात पाठवायचं, हे काम मशीन आपोआप करतं. त्याला बिल्ड म्हणतात. कुठली पायरी आधी, कुठली नंतर, कुठं अडवायचं, कुठं सोडायचं, हे सगळं सरांनी स्वतःच्या हातानं बसवलेलं होतं. दुसऱ्या कोणाला ते धड समजत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला घाबरायचो आणि सरांच्या माघारी हसायचो.

हे सगळं आज आठवायचं कारण एक चूक. चूक माझी. तिच्यापायी चौसाळ्याची एक बाई मरता मरता वाचली, आणि वर बोलही तिलाच लागला. सरांची नोकरी गेली. माझं काहीच गेलं नाही. ते मला अजून सलतं.

सर उमापूरचे. पुण्यात मोठ्या कंपनीत अकरा वर्षं काढून परत आलेले. मे महिन्यातही अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, कारण एसीनं मान धरायची. एसी बंद करा असं मात्र कधी म्हणाले नाहीत. का, तर "तुमाला उकडंल." चष्मा भांड्याच्या साबणानं धुवायचे आणि शर्टाच्या टोकानं पुसायचे, म्हणजे धुतल्याचा काही उपयोगच व्हायचा नाही. जेवताना लॅपटॉप मिटायचे, फोन पिशवीत टाकायचे आणि भाकरी अशी एकचित्तानं खायचे की समोरच्यानं काही विचारायचं धाडस करू नये.

आणि मशीनला त्यांनी आपली बोली शिकवलेली. इंग्रजीतले सगळे निरोप काढून टाकून स्वतःचे घातले होते. फाईल नाही सापडली की स्क्रीनवर यायचं, "फाईल घावंना. तूच ठिवली असशील कुठंतरी." तपासणीत काही मोडलं की, "कावून मोडलं ते वरून वाच." सगळं नीट झालं तर बाकीच्या जगात हिरव्या अक्षरात शाबासकी मिळते. आमच्याकडं यायचं, "झालं. पर एकदा बघून घे." एकदा पुण्याचे एक पाहुणे आमचं काम बघायला आले होते. त्यांनी हौसेनं बिल्ड चालवलं आणि मशीननं त्यांना सुनावलं, "घाई लई हाय तुला." पाहुणे लाल झाले, मालक पांढरे पडले. सर शांतपणे चहा पीत होते.

"सर, तुम्ही आम्हाला तुम्ही म्हणता आणि हे मशीन तू म्हणतं, असं का?" मी विचारलं.

"तोंडानं तू म्हणायची माझी छाती होत न्हाई," ते म्हणाले. "म्हणून त्याला सांगितलंय."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. खरा जाच शेवटच्या पायरीचा. गाठोडं बांधून तयार झालं की मशीन थांबायचं आणि विचारायचं, "कुनासाठी हाय हे?" तिथं माणसाचं नाव टाकावं लागायचं. दवाखान्याचं नाव चालायचं नाही, डॉक्टरचं चालायचं नाही. ज्या बाईच्या, बाप्याच्या अंगाला हा प्रोग्राम लागणार, त्याचं नाव. ते नाव सरांच्या यादीत असेल तरच बिल्ड बाहेर पडणार.

ती यादी कशी व्हायची? दर पंधरा दिवसांनी शनिवारी सर एसटीनं कुठल्या तरी दवाखान्यात जायचे आणि बाहेरच्या बाकड्यावर बसायचे. पेशंटशी बोलायचे. कोण गावचे, काय करता, काय होतंय. "तुमचं नाव लिहून घेऊ का?" असं विचारायचे आणि हो म्हणाले तरच मोबाईलवर टिपून घ्यायचे. सोमवारी ती नावं मशीनमध्ये. आमच्यातल्या एकानं सुरुवातीला यादीत गुपचूप 'एबीसी' घालून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी भर ऑफिसात विचारलं, "हे एबीसी कोण गावचे?" तो बिचारा दिवसभर मान वर करेना.

मी एकदा वैतागून म्हणाले होते, "सर, ह्या पायरीचा कामाशी संबंध काय?"

"पुण्यात अकरा वर्षं काम केलं," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत मी बनवलेलं वापरणारा एकबी माणूस मला दिसला न्हाई. एकबी न्हाई, बाई. मला भ्या वाटायला लागलं, आपण हवेला तर विकत न्हाई ना." मग म्हणाले, "संबंध असंल नसंल. पण विचारू द्या त्याला."

मला ते म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं.

त्या पंधरवड्यात सर नव्हते. भाचीचं लग्न होतं, त्यातच त्यांच्या आईला बरं नव्हतं, म्हणून उमापूरला गेलते. आणि इकडं बीडच्याच एका दवाखान्याला नवीन सोय हवी होती. नाव नाही सांगत, त्यांचा दोष नव्हता. वॉर्डातल्या सिस्टरनी आपल्या मोबाईलवर पेशंटचं नाव टाकायचं की लगेच त्याची माहिती दिसणार, काउंटरपर्यंत धावायला नको. सोय चांगली होती. मीच लिहिली होती आणि मला तिचा अभिमानही होता. दुपारपर्यंत पाठवायचं ठरलेलं. मालक दर अर्ध्या तासानं माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहत होते.

सगळ्या पायऱ्या झाल्या आणि मशीननं विचारलं, "कुनासाठी हाय हे?"

यादीत शेवटचं नाव होतं ते मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप केलं. मंगल बोऱ्हाडे, चौसाळा.

"ही बाई माझ्या वळखीची न्हाई," मशीन म्हणालं. "नाव नीट लिव्ह."

मी यादी समोर उघडून अक्षर न् अक्षर बघून पुन्हा लिहिलं. न्हाई. तिसऱ्यांदा लिहिलं. न्हाई. माझं डोकं असं फिरलं! डोळ्यांसमोर नाव आहे, तसंच्या तसं लिहिलंय, आणि हे म्हणतंय ओळखत नाही. मागं मालक घड्याळ बघतायत. "अगं, ते खूळ काढून टाक ना," ते म्हणाले. मी ती पायरी बंद केली. एका ओळीचं काम. बिल्ड गेलं. मी हात झटकले आणि डबा खायला बसले.

मशीननं मला तीनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

चारच दिवसांनी मंगल बोऱ्हाडे त्या दवाखान्यात आली. ती चौसाळ्याला साड्यांना पिको-फॉल करते. शिलाई मशीनची सुई बोटात आरपार गेली होती आणि हात कोपरापर्यंत सुजला होता. मागे एका खेपेला तिला एक इंजेक्शन सोसलं नव्हतं, आणि तसं तिनं काउंटरवर नीट सांगून नोंदवून घेतलं होतं. इंजेक्शनचं नाव तिला माहीत असायचं कारण नाही. ह्या वेळी सिस्टरनी मोबाईलवर तिचं नाव टाकलं. माहिती नाही. पुन्हा टाकलं. माहिती नाही. ती म्हणत होती, "मला एक इंजेक्शन चालत न्हाई, तुमच्याकडं लिहिलेलं हाय." सिस्टर म्हणाल्या, "तुमचं नावच नाहीये आमच्याकडं." आणि नेमकं तेच दिलं. घसा सुजला, श्वास अडकला. चार दिवस आयसीयूत होती. वाचली.

कोणी म्हणेल, यादीतली नेमकी तीच बाई कशी? असेल योगायोग. पण तशी नावं आणखी कितीतरी होती, आणि आज ना उद्या त्यांच्यातल्या कोणावर तरी हे आलंच असतं.

सर परत आले ते थेट माझ्या टेबलाशी. रोज सकाळी ते मशीनची नोंदवही वाचायचे, त्यात त्यांना दिसलं होतं.

"बाई, ही पायरी कोणी बंद केली?"

"मी. नाटक करत होती."

"का न्हाई म्हणत होती?"

"माहीत नाही, सर."

"बघितलं न्हाई?"

सरांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी स्वतःच्या यादीतलं नाव स्क्रीनवर घेतलं, त्याच्या खाली मी टाइप केलेलं घेतलं. बोऱ्हाडे. बोऱ्हाडे. कुठं काडीचा फरक नाही. मग त्यांनी मशीनला दोन्ही आडनावांतली चिन्हं मोजायला सांगितली. वर आठ. खाली नऊ.

'ऱ्ह' मधला तो अर्धा र. आपण हातानं एकाच रीतीनं लिहितो. मशीनमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत त्याच्यासाठी वेगळा र असतो. दुसरीत साधाच र घेऊन त्याच्यामागं एक न दिसणारं चिन्ह घालतात. सरांचा मोबाईल एका रीतीनं लिहायचा आणि ऑफिसचा कॉम्प्युटर दुसऱ्या. दवाखान्यातही तसंच. काउंटरवर कॉम्प्युटर, वॉर्डात मोबाईल. बोऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे, ज्यांच्या ज्यांच्या नावात तो र, ती सगळी माणसं माझ्या नव्या सोयीनं एका दुपारी पुसून टाकली होती.

सरांनी पाऊण तासात सगळं दुरुस्त केलं. दोन्ही रीती एक मानायच्या, आणि तशा प्रत्येक आडनावाची तपासणी झाल्याशिवाय बिल्ड सोडायचं नाही. मग पिशवी उचलली आणि मधल्या दिवसांत कोणा पेशंटला काही झालं तर नाही ना, ते बघायला दवाखान्यात गेले. तासाभरानं आले ते मालकांच्या केबिनमध्येच. दार उघडंच होतं.

"त्या बाईच्या कागदावर लिहिलंय, रुग्णानं सांगितलं नाही," सर म्हणाले. "तिनं सांगितलं होतं. दोनदा. सिस्टर रडल्या माझ्यासमोर, म्हणाल्या, मोबाईलवर विश्वास ठेवला, त्याची ही शिक्षा. घरी त्या बाईला सगळे बोलतायत. मी चौसाळ्याला जाऊन सांगणार हाय, चूक आमची म्हणून."

मालक एकदम उठले. "वेड लागलंय का? कोर्ट-कचेरी होईल. बाई वाचली ना? मग विषय संपला. आणि गेलात तर परत इथं येऊ नका."

"बरं," सर म्हणाले. एवढंच. टेबलाशी येऊन त्यांनी डबा, चष्म्याचं घर आणि स्वेटर पिशवीत भरला. आमच्या घरात माझाच पगार होता, वडील आजारी, धाकटी बहीण शिकत होती. सर माझ्याजवळ वाकून म्हणाले, "बाई, तुमी न्हाई आलात तर मी तुमचं नाव घेणार न्हाई. शब्द देतो. पण त्या दुपारी मी तिथं न्हवतो. मला अर्धंच सांगता येतं."

ते जिना उतरून गेले. मी कॉम्प्युटर बंद केला. मग पर्स उचलली. मालक मागून काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही असं मी ठरवलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. सर त्या ऑफिसात पुन्हा पाऊल ठेवू शकले नाहीत. मला मात्र मालकांनी ठेवलं, का, तर ते बिल्ड चालवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं! आहे की नाही न्याय? सर उमापूरला शेत बघायचे. महिन्यातून एकदा फोन यायचा. मी माझ्या अडचणी सांगायचे, ते ऐकून घ्यायचे, मधेच हसायचे. मागच्या वर्षी गेले. हार्ट. मला कळलं तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता. ते मला कधी रागावले नाहीत, आणि तेवढं एक तरी त्यांनी करायला पाहिजे होतं, असं मला फार वाटतं.

त्या दिवशी मांजरसुंब्याच्या घाटात एसटी रेंगाळत चालली होती. कपिलधारच्या फाट्यावर बरीच माणसं उतरली, मग बसायला जागा झाली. सर खिडकीशी, मी शेजारी. मी विचारलं, "सर, मी काय बोलू तिथं?"

"झालं ते."

"आणि त्यांनी मारलं तर?"

"मग मी मधी पडंन," ते म्हणाले, आणि खरंच पडले असते.

चौसाळ्यात हायवेपासून आत वळलं की दुसऱ्याच गल्लीत तिचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला टांगलेल्या साड्या, आतल्या खोलीच्या दाराला पडदा. मंगलताई बोटाला पट्टी बांधून उरलेल्या बोटांनी काम करत होती. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. नवरा टेम्पोवर ड्रायव्हर, तो त्या दिवशी घरीच होता. सरांनी आम्ही कोण ते सांगितलं.

"दवाखान्याच्या बाकड्यावर भेटलो होतो, ताई. तुमचं नाव लिहून घेतलतं मी."

तिनं मान हलवली, पण वर बघितलं नाही.

"आता काय राहिलंय?" नवरा म्हणाला. "हिनं तोंड उघडलं न्हाई अन् आमी चार दिवस दवाखान्याच्या दारात. एक शब्द बोलायला काय लागतंय माणसाला?"

पडद्याआडून सासूचा आवाज आला, "मूग गिळून बसली तिथं. घरी मातर लई बोलती."

मंगलताईनं साडीची किनार सरळ केली. हे तिला रोजचं झालेलं दिसत होतं.

सर माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "ताईंनी सांगितलं होतं. पहिल्या खेपेला सांगितलं होतं आणि ह्या खेपेलाही सांगितलं. ते आमच्या मशीनमध्ये लिहिलेलं होतं. पण ताईंचं नाव मशीनला ओळखता आलं नाही. त्याच्या चार दिवस आधी मशीननं मला ते दाखवलं होतं, तीनदा. मला घाई होती. मी बघितलं नाही आणि ते बंद करून टाकलं. ह्यात ताईंची काही चूक नाही. चूक माझी आहे."

नवरा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. हात उगारेल, शिवी देईल, काहीतरी करेल, असं मला वाटलं. त्यानं काही केलं नाही. सरांनी पिशवीतून एक कागद काढला. सिस्टरनी काउंटरवरून तिची जुनी नोंद छापून दिली होती, तिची तिला देण्यासाठी.

मंगलताईनं शिलाई मशीन थांबवलं. कागद मांडीवर घेऊन ती पट्टी बांधलेल्या बोटानं ओळ धरून वाचत गेली. ओठ हलत होते. मग म्हणाली, "हे मीच बोललते. ह्याच शब्दांत." आणि कागद नवऱ्यापुढं धरला. "वाचा."

त्यानं वाचला.

"मोठ्यानं."

"मंगल बोऱ्हाडे, चौसाळा," तो वाचायला लागला. इंजेक्शनचं इंग्रजी नाव त्यानं सोडून दिलं. "वरील इंजेक्शन दिल्यावर अंग सुजते, श्वास लागतो. पुन्हा देऊ नये. रुग्णाने स्वतः सांगितले." शेवटच्या ओळीला त्याचा आवाज खाली गेला.

"आता आत जाऊन वाचा," ती म्हणाली.

त्यानं कागद नीट धरला. मग पडदा बाजूला करून आत गेला. त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता, सुरुवातीपासून, सगळं.

मला रडू आवरेना. मंगलताई माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी नका रडू. मी लई रडले, आता बास." माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. सर खाली मान घालून चष्मा पुसत होते.

मग आतून भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला. थोड्या वेळानं पडदा सरकवून म्हातारी स्वतः चहाचं ताट घेऊन बाहेर आली. कोणाच्या तोंडाकडं बघत नव्हती. सर दाराजवळ होते, वयानं मोठे, पाहुणे, पहिला कप त्यांचाच. त्यांनी हातही पुढं केला होता. म्हातारीनं ताट त्यांच्यासमोरून तसंच पुढं नेलं, आणि पहिला कप उचलून सुनेच्या हातात दिला.